हसनाबादला गेलेली किल्ली

जालना,
रविवार, दुपार

प्रिय आकांक्षा,

तू फोन उचलून न्हाई राह्यलीस, म्हणून कागद घेऊन बसले. रिंग वाजली की कापतीस, मेसेज टाकला की निळ्या खुणा उमटतात अन् पुढं काही न्हाई. पत्राला कापायचं बटन नसतं माय, फार तर फाडशील. पण तू फाडणार न्हाईस. लहानपणापासून तुझं असंच आहे, समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचं अन् मंग तोंड फुगवून कोपऱ्यात बसायचं. तर आधी सगळं ऐक. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, वाकडंतिकडं वाटंल. डॉक्टर लोकांच्या चिठ्ठ्या वाचायची तुला सवय आहे, तसंच हेबी वाच.

तुझं म्हणणं मला पाठ झालंय. नोकरी सोड, खोली खाली कर, महिनाअखेरीला पुण्याला ये. तू खिडकीपाशी माझ्यासाठी कॉट टाकलीस, नवी गादी आणलीस, हे तुझ्या मैत्रिणीनं, प्रीतीनं मला सांगितलं. ऐकून इतकं बरं वाटलं की त्या दिवशी दोन भाकरी जास्ती खाल्ल्या. पण मंग तिच्या हातातनं फोन घेऊन तू एक बोललीस ते अजून काळजात रुतून बसलंय. 'बापाला ज्यानं खाल्लं त्याच्याच पुढ्यात तू रोज उभी राहतीस, तुला काही वाटतं का.' त्याचं उत्तर मला फोनवर देता आलं न्हाई. आज देते. तुझ्या कल्याणमामानं तुला आणखी एक गोष्ट सांगितली आहे, तीबी मला ठाऊक आहे. ती तू बोलली न्हाईस, मी इचारली न्हाई. तिच्यावरबी येते, पण माझ्या चालीनं येऊ दे. मला घाई केली की मी चुकते.

तुझ्या बापाचं काय झालं ते तुला अर्धंच ठाऊक आहे. तू चौथीत होतीस, तुला मामाकडं ठेवलं होतं. शेणखताची ट्रॉली होती, दुसऱ्याच्या वावरात. ट्रॉली अर्धी वर उचलली अन् पुढं उचलंना, पाईपातनं तेल गळत होतं. तुझा बाप म्हणजे बिरू, त्याला कशाचा दम होता का? सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन घुसला खाली, पाईपाला बांधायला. तशाच पट्ट्या त्यानं आधीबी बांधल्या होत्या, अन् प्रत्येक वेळी हसत बाहेर आला होता. त्या दिवशी पाईप फुटला. वावरात सहा-सात माणसं उभी होती, आकांक्षा. चांगली माणसं, आपल्यातलीच. कुणीच वाईट न्हाई. फक्त 'बिरू, थांब, आधी टेकू लावू' एवढं म्हणणारं एकबी न्हाई. पुढं सगळे म्हणले की वेळ आली होती. मीबी तेच म्हणत राह्यले, कारण दुसरं म्हणायला काही नव्हतंच माझ्यापाशी.

आता इथलं सांगते. आमच्या बियाण्याच्या प्लांटवर मक्याची कणसं आधी पोत्यातनं यायची, बाया पाठीवर घेऊन पट्ट्यावर ओतायच्या. गुदस्ता मी फोनवर कंबरेची रड लावायची, ती त्याचीच. यंदा दसऱ्याच्या आधी साहेब लोकांनी हायड्रोलिक डंपर आणला. आम्ही बाया त्याला कलंडी म्हणतो. बैलगाडीभर कणसं मावतील असा लोखंडी पिंजरा असतो. वसंता ड्रायव्हर तो फोर्कलिफ्टवर आणून कलंडीच्या दोन हातांवर ठेवतो, दांडा ओढला की तेलाच्या जोरावर ते हात वर जातात अन् पिंजरा हौदात पालथा होतो. ट्रकमधून ती दांडगी लोखंडं उतरताना पाहिली अन् मला घाम फुटला. तेच पाईप, तोच तेलाचा वास. मी मागल्या मागं बायांच्या खोलीत जाऊन बसले अन् ठरवलं की उद्यापासून यायचं न्हाई. तुला तेव्हाच फोन लावणार होते, लाव तुझी कॉट म्हणून.

पण दुसऱ्या दिवशी काम सोडते म्हणून सांगायला गेले, तर मला कामच भलतं दिलं. मशीन बसवायला खड्डा करून सिमेंट ओतलं होतं, त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. मला वाटलं, चला, मशीनपेक्षा सिमेंट बरं. आमचे मॅनेजर भालचंद्र साहेब माणूस चांगला, पण त्यांना सगळं जल्दी पाहिजे. हंगाम तोंडावर आल्ता, ते रोज येऊन बुटानं सिमेंट ठोकायचे अन् म्हणायचे, झालं की कडक, बसवा आता. अन् फोरमन रोज म्हणायचे, न्हाई. फोरमन म्हणजे रामेश्वर. वाटूरचे आहेत, आपल्यातलेच, ट्रॉल्या बनवायच्या वर्कशॉपात हयात घालवून इथं आलेले. बोलायला बिलकुल गोड न्हाईत. साहेबांना म्हणले, वरून कडक दिसतंय, आत ओलं आहे, बोल्ट ढिला झाला तर भरल्या पिंजऱ्यासकट मशीन बायांच्या अंगावर येईल. साहेब चिडले, खर्चा वाढून राह्यला म्हणले, पण थांबले. अन् मी पाणी मारत राह्यले. लेकराला न्हाऊ घालावं तसं घातलं बघ त्या सिमेंटाला. राग यायचा अन् तरी घालायचे.

मशीन उभी राहिली तेव्हा मी फोरमनला सरळ सांगितलं की मी हिच्या जवळ उभी राहणार न्हाई, माझा माणूस असल्याच खाली गेला. मला वाटलं, हे म्हणतील की बाई, नशिबाचा खेळ असतो. सगळे तेच म्हणतात. पण ते मशीन बसवायला आलेल्या इंजिनियरला म्हणले की हात वर घे. हात वर गेले. फोरमननं मुसळाएवढी एक पिन उचलून माझ्या हातात दिली अन् भोक दाखवलं. मी घातली. मंग त्यांनी सगळ्यांना जाळीबाहेर काढलं, मलाबी, अन् इंजिनियरला म्हणले की आता सगळं तेल सोडून दे. त्यानं सोडलं. ते दोन हात खट् करून पिनवर बसले अन् तिथंच थांबले. तेल न्हाई, जोर न्हाई, तरी थांबले. आकांक्षा, मी तिथंच खाली बसून रडले. एवढंसं लोखंड. तुझ्या बापाला तेवढंच कमी पडलं होतं, अन् मी इतकी वर्षं वेळ आली, वेळ आली म्हणत बसले होते. बाया धावत आल्या, काय झालं म्हणून. फोरमननं त्यांना लांब केलं अन् मला रडू दिलं. रडून झाल्यावर म्हणले, 'आशाबाई, ही पिन घालायचं काम तुम्हीच करा. तुम्ही म्हणल्याबिगर इथं कुणी खाली वाकणार न्हाई.'

तेव्हापासून तुझी आई पिनवाली बाई झाली. वसंता मला पिनआत्या म्हणतो, मेला. मशीनच्या भवती जाळी आहे, तिचं दार उघडलं की मशीन आपोआप बंद पडते. तरीबी आत कुणाला जायचं असलं, साफसफाईला म्हण की ग्रीसला म्हण, तर आधी मी पिन घालते, मंग भिंतीवरचं मेन बटन बंद, मंग बंद मशीनचा दांडा एकदा हलवून पाईपातला उरलासुरला जोर काढायचा, अन् मंग आत जाणाऱ्या प्रत्येकानं आपापलं कुलूप त्या बटनाला लावायचं. जितकी माणसं आत, तितकी कुलपं. किल्ली ज्याची त्याच्यापाशी, दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाई. शेवटचं कुलूप निघेपर्यंत मशीन चालूच होत न्हाई. पाईप गळतोय का हे बोटानं चाचपायचं न्हाई, पुठ्ठा धरून बघायचं, कारण बारीक भोकातनं तेल इतक्या जोरानं येतं की कातडीच्या आत घुसतं. हे तुला ठाऊक असंल, तुझ्या दवाखान्यात येतच असतील असले हात. मला नव्हतं ठाऊक. पहिल्यांदा पुठ्ठ्याला सुईनं टोचल्यासारखं भोक पडलेलं पाहिलं अन् अंगावर काटा आला.

खंडेनवमीची गंमत सांगते. त्या दिवशी कलंडीची पूजा होती. हार झाला, हळदकुंकू झालं, अन् वसंता चार लिंबं घेऊन आला. नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवतो ना आपण, तशी त्यानं मशीनच्या वर उचललेल्या हातांखाली ठेवली, म्हणजे हात खाली आले की फुटतील. सगळे कौतुकानं पाहून राह्यले. एक लिंबू घरंगळलं. वसंता ते सरळ करायला वाकला, अन् दांड्यावर राधेश्याम वॉचमनचा हात, फोटो काढायचा म्हणून. मशीन बंद असली तरी दांडा हलला की ते हात खाली येतात. फोरमननं वसंताची कॉलर धरून त्याला असा मागं ओढला की शर्टाची दोन बटनं तुटली. भटजी रागावले, म्हणले, शुभ कामात हे काय, नारळ तर मशीनच्या पायाशीच फोडावा लागतो. तवा फोरमन म्हणले, 'देवाला जाळी आडवी येत न्हाई, माणसाला यायला पाहिजे.' नारळ जाळीबाहेर फुटला. लिंबं मी काठीनं बाहेर काढली, पिन घालून. घरी नेऊन लोणचं घातलं त्यांचं. मागच्या डब्यात तुला तेच पाठवलं होतं, चांगलं झालंय म्हणलीस.

आता मामाची गोष्ट. दिवाळी होऊन गेल्ती. शनिवारी कलंडीच्या खालचा खड्डा साफ करायचा माझा वार असतो, सगळा भुसा तिथं साचतो. पिन घातली, कुलूप लावलं, किल्ली कमरेच्या चंचीत टाकली अन् खाली उतरले. दुसऱ्या दिवशी हसनाबादला मामाच्या नातवाचं बारसं, अन् तुझा मामा सकाळपासून फोन करून जीव खात होता, आजच ये, उद्या येशील तर पाहुण्यासारखी येशील. खड्ड्याचं खालचं झाकण बसवायचं अर्धं राहिलं होतं. म्हणलं हात धुऊन येते अन् लावते. हात धुवायला गेले तर फाटकावर काळी-पिवळी उभी, शेवटचीच, राजूरमार्गे हसनाबाद. मी पिशवी उचलली अन् पळत जाऊन बसले. झाकण तसंच, कुलूप तसंच, किल्ली चंचीत, अन् बाई बाळाच्या टोपडं-झबल्याचा इचार करत निघाली हसनाबादला. अशी मी. रोज चार जणांना शिकवते अन् स्वतः विसरते.

रविवारी सकाळी कणसांच्या गाड्या आल्या अन् मशीन चालू होईना. मेन बटनाला माझं लाल कुलूप. हे सगळं मला नंतर वसंतानं सांगितलं. कणीस ओलं असतं माय, गाडीत कोंबून राहिलं की तापतं, अन् तापलं की बी मरतं. त्यामुळं साहेबांचा जीव टांगणीला लागलेला. माझा फोन तर पिशवीच्या तळाशी, बॅटरी संपून मेलेला. साहेब म्हणले, कुलूप कापा, बाई विसरून गेल्या असतील. म्हणणं काही चूक नव्हतं त्यांचं, विसरलेच होते मी. राधेश्याम म्हणला, काल बाई गाडीत बसल्या वाटतं. त्या 'वाटतं'वर फोरमन पेटले. वाटतं म्हणजे काय, तू पाहिलं का न्हाई? राधेश्याम म्हणला, हिरव्या लुगड्याची कुणीतरी होती. फोरमन बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरले. मी कोपऱ्यात लोटून ठेवलेला भुश्याचा ढीग हातानं उपसला, मला हाका मारल्या. खोलीवर माणूस पाठवला, तर तिथंबी कुलूप. साहेबांनी कापायची मशीन मागवली तवा फोरमन त्या कुलपापुढं जाऊन उभे राह्यले अन् म्हणले, 'जिचं कुलूप तिला डोळ्यानं पाहिल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई.' साहेब म्हणले, तुमच्या नोकरीवर येईल. म्हणले, येऊ द्या. अन् मोटारसायकलला किक मारली. हसनाबादच्या बारशाचं मी बायांना सांगितलं होतं, तिकडंच निघाले.

मी तिकडं पाळण्यापाशी बसलेले. बाया पाळणा म्हणून राह्यल्या होत्या, तुझी मामी घुगऱ्या वाटत होती, अन् दारात हा माणूस. डोक्यापासून पायापर्यंत भुसा अन् धूळ, डोळे लाल. सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. मला पाहिलं अन् माझा हात आपोआप चंचीकडं गेला, तिथंच मला सगळं कळलं. मला वाटलं, आता सगळ्या पाहुण्यांपुढं माझी लक्तरं निघणार. मी तोंड उघडलं तर ते म्हणले, 'तुम्ही दिसल्या. बस्स झालं.' अन् ओट्यावर बसले. मामीनं तांब्या दिला तर अर्धा घशात अन् अर्धा सदऱ्यावर ओतून घेतला. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मंग त्यांनी प्लांटवर फोन लावला, बाई सुखरूप आहेत म्हणले, अन् मला इचारलं की खालचं काम कुठवर झालंय. मी म्हणलं, झाकण अर्धं आहे, तसंच चालू केलं तर सगळी कणसं खड्ड्यात जातील अन् पट्टा तुटंल. कुठले बोल्ट लागलेत अन् कुठले राहिलेत, ते मला एकटीलाच ठाऊक होतं. म्हणून साहेबांना सांगितलं की गाड्या सावलीला घ्या, कणसं ताडपत्रीवर पसरा, बाईंना घेऊनच येतो.

अशी मी त्यांच्या मोटारसायकलवर बसले. भर बारशातून, मामाच्या समोर, सगळ्या हसनाबादच्या डोळ्यादेखत, मांडीवर घुगऱ्यांचा डबा घेऊन. मामाचं तोंड बघण्यासारखं झाल्तं. त्यानं तुला जे सांगितलं ते एवढंच आहे, आकांक्षा, अन् एवढं सगळं खरं आहे. तुझ्या बापानंतर मी कुणाच्या गाडीवर बसले नव्हते. राजूरला चहाला थांबलो तवा कपाकडं बघत म्हणले, खाली भुश्यात एक हिरवं फडकं लागलं हाताला, तवा मला वाटलं... अन् कप खाली ठेवून दिला. तो वसंताचा जुना रुमाल होता. मी घुगऱ्यांचा डबा उघडून पुढं सरकवला, दुसरं काय करणार. दोघांनी मिळून खाल्ल्या. प्लांटवर येऊन मी झाकण बसवलं, माझ्या हातानं कुलूप काढलं, पिन काढली, अन् कलंडी सुरू झाली. बी वाचलं. दुसऱ्या दिवशी मात्र फोरमननं सगळ्यांपुढं मला असं झापलं की कानाच्या पाळ्या लाल झाल्या, अन् बराबर झापलं. आता राधेश्याम फाटकावर प्रत्येकाला इचारतो, कुलूप काढलं का. साहेबांनीबी नंतर फोरमनला चहा पाजला. नोकरी कुणाचीच गेली न्हाई.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू म्हणलीस, तुला काही वाटतं का. वाटतं माय. रोज पिन घालताना तुझा बाप आठवतो, पण आता दुखत न्हाई तसं. त्याला थांब म्हणणारं कुणी नव्हतं, इथं ते म्हणणारी मी आहे. परवा साहेब स्वतः घाईत जाळीचं दार उघडून निघाले तर मी त्यांना बाहेरच उभं केलं, अन् मॅनेजर असून ते गुमान थांबले. सातवी शिकलेली बाई, मेंढरामागं जन्म गेलेला बाप माझा, अन् माझ्या एका शब्दावर सगळा प्लांट थांबतो. हे काम मी सोडणार न्हाई. तुझ्या खिडकीपाशी मी बसून राहीन अन् तू ड्युटीवरून येईपर्यंत वाट बघत राहीन, चार दिवसांत तुझं डोकं खाईन. तू मला ओळखतीस. कॉट मोडू नको, सुट्टीला येत जाईन.

अन् मामा जे बोलला त्याच्या पुढचं आता मीच सांगते. गेल्या आठवड्यात फोरमनच्या आईनं हुरड्याला वाटूरला बोलावलं. एकटीच म्हातारी, सून जाऊन कैक वर्षं झाली, लेकरूबाळ न्हाई. तिनं मला शेकोटीपाशी बसवलं, गरम हुरडा हातावर चोळून दिला, अन् इकडंतिकडं न बघता इचारलं की माझ्या पोराशी पाट लावतीस का. मी लाल झाले असंन, शेकोटीच्या उजेडात दिसलं नसंल. ते तिकडं लांब उभे, जसं काही ऐकूच येत न्हाई. नंतर फाट्यावर गाडीत बसवताना म्हणले, आधी पोरीला इचारा, ती न्हाई म्हणली तर हा विषय परत निघणार न्हाई. मी म्हणलं, मी तिला इचारणार न्हाई. इचारलं तर ती न्हाई म्हणंल, बापावर गेलीय. मी तिला सांगणार आहे. अन् तिथंच, गाडीच्या दारात उभी राहून, मी हो म्हणून टाकलं. आकांक्षा, तुझ्या बापाची जागा बापाचीच आहे, त्याचा फोटो माझ्यासंगं येईल, हे मी त्यांना सांगितलं अन् ते म्हणले, यायलाच पाहिजे. पण मला हा माणूस पाहिजे आहे. आईनं लेकीला असं लिहावं का न्हाई, मला कळत न्हाई, पण तुझ्यापासून लपवून मला सुख लागणार न्हाई. बघ, वर एकदा त्यांचं नाव लिहून टाकलं, ह्यापुढं घेता यायचं न्हाई. मामा येणार न्हाई म्हणतो, न येऊ दे. तू न आलीस तर मात्र पाट लागंल, पण मी दिवसभर दाराकडंच बघत राहीन. हिरव्या बांगड्या मी अजून घेतल्या न्हाईत. दुकानात जाऊन दोनदा परत आले, एकटीला हात पुढं करायची लाज वाटली. तू ये, आपण दोघी जाऊ, अन् तू भर माझ्या हातात.

तुझीच, तुझ्या फोनची वाट बघणारी,
आई